अळणी उन्हाळा

आमच्या घरात मीठ कुणी मोजत नाही.
दाराशी ढीग असतो, करडा, गुडघाभर,
बुटांना चिकटून स्वयंपाकघरात येतो, मग अंथरुणात.
लोणीसुद्धा खारंच. बिनमिठाचं लोणी
गेरांदच्या या मिठागरांत फक्त आजाऱ्याला देतात,
नाहीतर पॅरिसहून आलेल्या पाहुण्याला.

अशा घरात आझिलिस एका रात्री म्हणाली,
उद्यापासून माझं अळणी. नऊ आठवडे.
थोरल्याने चमचा खाली ठेवला,
"आई, तुला काय झालंय?"

काही नाही झालं. तीन मुलगे झालेत.
कुठल्याशा मासिकातून कापलेला कागद तिने फ्रिजवर लावला:
दूध, दही, बदाम, अंडी चालतील,
केळं नको, बटाटा नको,
मीठ तर मुळीच नको.
खाली कॅलेंडर, त्यावर पेन्सिलीचे टिंब,
पहाटेचा थर्मामीटर, आणि माझ्यासाठी
दोन दिवसांभोवती हिरवं वर्तुळ.
बाकीच्या दिवशी मी बाहेर, खाजणात.

सुईण सोआझिग हसली नाही. म्हणाली,
निम्मी आशा आधीही होती, नंतरही निम्मीच राहील.
पण दह्याने कुणाचं वाईट झालेलं ऐकलं नाही.
माझी आई म्हणाली, सगळं वाऱ्यावर असतं,
समुद्रावरून आला की मुलगी, शेतांवरून आला की मुलगा.
मी म्हटलं, आणि आम्ही पाच भाऊ?
ती म्हणाली, तेव्हा खिडक्या कोण उघडी ठेवायचं!

मला ठाऊक होतं तिला मुलगी कशाला हवी.
माळ्यावर तिच्या आजीची फळी आहे, लांब दांड्याची, पिसासारखी हलकी.
संध्याकाळी पाण्यावर मिठाची जी पातळ साय धरते, तिला आम्ही फूल म्हणतो,
आणि फूल उचलणं हे बायकांचं काम,
आजीकडून आईकडे, आईकडून हिच्याकडे.
आमचा हात जड. आम्ही तळचं करडं मीठ ओढणारे.

जुलैत कसली भरती होती मिठाची!
मी घरी यायचो तो पांढरा होऊन,
भुवया, मान, बोटांच्या भेगा,
आणि ती गाल पुढे करायची, ओठ नाही.
पथ्य म्हणजे पथ्य.
खाल्ल्या मिठाला जागणारं माझं घराणं,
आणि बायको मला चाखायला तयार नाही.

मग ती संध्याकाळ. वारा पडलेला,
कॅलेंडरवर कसलंच वर्तुळ नाही.
बांधावरून आम्ही पाहिलं, मधला, तुग्दुआल, नऊ वर्षांचा,
माळ्यावरची फळी घेऊन पाण्याच्या कडेला वाकलाय
आणि साय गोळा करतोय,
खालचा चिखल जरासुद्धा न हलवता.
जीभ दातांत धरलेली. आम्ही दिसलोच नाही त्याला.

आझिलिस कितीतरी वेळ काही बोलली नाही.
मग तिने माझं मनगट उचललं
आणि चाटलं.
सात आठवडे झाले होते. दोन उरले होते.

मुलगी झाली. हो, झालीच.
आई म्हणते वाऱ्याने, शेजारी म्हणतात दह्याने,
सोआझिग म्हणते, निम्मी आशा म्हणजे काही थोडी नव्हे.
मी त्या संध्याकाळबद्दल कुणाला सांगितलेलं नाही,
आणि सांगूनही काय सिद्ध होणार आहे.

रोझेन आता सतराची.
खाजणात पाय ठेवत नाही, म्हणते डास आहेत.
सें-नाझेरच्या गोदीत वेल्डिंग शिकते,
रविवारी येते, भुवई जळालेली, भूक लागलेली.
फूल तुग्दुआल उचलतो.
आझिलिस सूप वाढते,
आणि ही पोर, एक घोट घ्यायच्या आत,
चिमूटभर नाही, मूठभर मीठ
वरून घालते.